गालगुंड उतरत नसेल तर: चेरुबिझममध्ये मुलाचे दात कसे सांभाळावेत

गालगुंड आठ-दहा दिवसांत उतरतं. दोन ते पाच वर्षांच्या मुलाचे दोन्ही गाल महिनोन्महिने फुगत असतील, ताप नसेल, दुखतही नसेल, तर लेप थांबवा. सांगलीत हळदीला तोटा नाही, पण आतून फुगणारं हाड हळदीने बसत नाही. हा चेरुबिझम असू शकतो. १९३३ साली पहिल्यांदा नोंदलेल्या या दुर्मीळ आजारात जबड्याच्या हाडाची जागा तंतुमय ऊती घेते, बहुधा एसएच३बीपी२ या जनुकातल्या बदलामुळे.

आधी दात मोजा. दुधाचे दात २०. पहिला पडतो साधारण सहाव्या वर्षी. तिसऱ्या-चौथ्या वर्षीच, मार न लागता दात हलू लागले तर तारीख लिहून ठेवा. पडलेला दात छपरावर टाकण्याआधी दंतवैद्याला दाखवा. मूळ किती झिजलंय ते कळतं.

मग ओपीजी, म्हणजे दोन्ही जबडे आणि सगळे दात एकाच चित्रात दाखवणारा एक्स-रे. सांगलीत आणि कऱ्हाडला दंत महाविद्यालयं आहेत; बालदंतरोग विभागात जा. जबड्याच्या दोन्ही बाजूंना साबणाच्या फेसासारखे कप्पे दिसतात. सोबत रक्तातलं कॅल्शियम, फॉस्फरस आणि पॅराथायरॉइड हार्मोन तपासतात, कारण गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींच्या बिघाडातही जबडा असाच दिसू शकतो.

ओपीजीत आणखी एक पाहून घ्या: कायमच्या दाढा. दुसरी आणि तिसरी दाढ कित्येकदा तयारच झालेली नसते, काही दात हाडात आडवे अडकतात. खाली कायमचा दात आहे का, हे न बघता दुधाचा दात काढायला होकार देऊ नका.

घरी मऊ ब्रश, दिवसातून दोनदा. तीन वर्षांपुढे वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट. वेड्यावाकड्या दातांत अन्न अडकतं आणि कीड तिथूनच लागते. भाकरी आमटीत कुस्करून द्या. गळिताच्या हंगामात ऊस दातांनी सोलू देऊ नका, हवं तर रस द्या आणि लगेच चूळ भरायला लावा. दातांची काढघालीची प्लेट बसवली असेल, तर जबडा बदलत असल्याने ती वारंवार तपासून सैल-घट्ट करून घ्यावी लागते.

सगळ्यात मोठी चूक घाईची. सूज वयात येईपर्यंत वाढते, मग बहुतेकदा आपोआप ओसरू लागते; म्हणून शस्त्रक्रियेने वाढलेलं हाड घासणं, दातांना तारा लावणं सहसा त्यानंतर. किरणोपचार मात्र नकोच, पुढे कर्करोगाचा धोका असतो. श्वास, गिळणं किंवा नजर अडली, तर वाट न बघता लगेच डॉक्टरांना दाखवा.

आई किंवा वडिलांकडून जनुकातला हा दोष आला असेल तर प्रत्येक भावंडाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. धाकट्याचेही दात त्याच दिवशी दाखवून घ्या.