स्लो-बर्न पॉलिटिकल थ्रिलर खान्देशात शूट करताय? या चुका टाळा

जळगाव-धुळ्याकडची बरीच पोरं आता मोबाईलवर शॉर्टफिल्म करताय आणि राजकारणाच्या स्टोऱ्या तर आपल्याकडे गावोगावी आहेत, बाजार समिती, दूध संघ, झेडपी. पण कट (जोडून तयार केलेली फिल्म) बघायला बसलं की दहाव्या मिनिटाला लोकं मोबाईल काढतात.

स्लो-बर्न म्हणजे ताण हळूहळू चढत जाणारी गोष्ट. सगळ्यात मोठी चूक म्हणजे स्लो-बर्न म्हणजे नुसतं हळू, असं समजणं. हिरो खिडकीत उभा, सिगरेट, पंखा, परत खिडकी, यात काहीच जळत नाहीये भाऊ. शॉट हळू चालू द्या, पण प्रत्येक सीनमधे बघणाऱ्याला एक नवी गोष्ट कळलीच पाहिजे, आणि जमलं तर पात्राच्या आधी कळली पाहिजे. समजा सोसायटीची मीटिंग संपलीय, चहा झालाय, क्लार्क सह्यांसाठी प्रोसिडिंग बुक (ठरावांची नोंदवही) फिरवतोय. शेवटच्या ठरावाखाली चार ओळी कोऱ्या सोडल्यात आणि सह्या त्याच्या खाली घेतोय. कोणी काही बोलत नाही, म्युझिक नाही, फक्त त्या कोऱ्या जागेवर कॅमेरा जरा जास्त थांबतो. आता पुढे नुसता शेतात चालणारा माणूस दाखवला तरी बघणारा जागचा हलणार नाही, कारण त्या चार ओळींत नंतर कायतरी घुसडणार हे त्याला कळलंय.

दुसरी चूक, थ्रिलर म्हणजे पाऊस, धुकं, निळी रात्र असं समजणं. 'द घोस्ट रायटर' (2010) या इंग्रजी पिक्चरमधे ते करडं आभाळ आणि बेटावरचं ते काचेचं घर भारी वाटतं, गोष्ट अमेरिकेतल्या बेटावरची आहे अन् शूटिंग झालंय जर्मनीत, म्हणजे जागा खरी तीच पाहिजे असं काही नाही, हवा पहिल्यापासून शेवटपर्यंत एक पाहिजे. आपली हवा म्हणजे मे महिन्याचं ऊन! भुसावळला पारा पंचेचाळीसला टेकतो, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं, दुकानांची शटरं अर्धी खाली, आणि अशात एकच गाडी एसी चालू ठेवून कोणाच्या तरी घरासमोर उभी आहे. ही भीती पुण्या-मुंबईच्या पिक्चरला जमणार नाही, मग आपण कशाला धुराचं मशीन भाड्यानं आणायचं?

केळीच्या बागेत सगळे ड्रोन उडवतात. वरून फक्त हिरवं दिसतं, खरा खेळ आत आहे. पाच बाय पाच फुटांवर खोडं, वर पानांचं छत, भर दुपारी आत अंधार, समोरचा माणूस चार ओळी पलीकडे गेला की गायब, फक्त पानांची सळसळ ऐकू येते. कॅमेरा छातीच्या उंचीवर ठेवा. एक्सपोजर (फोन किती उजेड घेतो ते) लॉक करा, नाहीतर पानांतून ऊन आलं की फोन सारखा उजेड कमी-जास्त करतो. आणि कपड्यांचा दुसरा जोड ठेवाच, केळीचा चीक लागला की डाग निघत नाही, एका शॉटमधे डाग आणि पुढच्यात नाही, कंटिन्युइटी गेली!

ऑफिसमधल्या सीनला ट्यूबलाईटखाली काळे पट्टे सरकत असतील तर कॅमेऱ्याचा शटर स्पीड 1/50 किंवा 1/100 सेकंदाला आणा, आपली लाईट 50 हर्ट्झची आहे म्हणून 1/60 ला लफडा होतो. आवाजासाठी प्रत्येक जागेचा रिकामा आवाज मिनिटभर वेगळा रेकॉर्ड करा, लांबची रेल्वे, कूलर, बोअरची मोटर. शांतता वाटेल तिथे हेच टाका, गाण्याच्या ॲपवरचं धडधड म्युझिक नको.

भाषेकडे तर कोणी लक्षच देत नाही याचं मला फार वाईट वाटतं. आमदार सगळ्या सीनमधे बातम्या वाचल्यासारखा बोलतो. अहो, तोच माणूस कलेक्टरसमोर एक मराठी बोलेल आणि गाडीत बसल्यावर ड्रायव्हरला अहिराणीत "आते कथा जाना शे?" विचारेल, रावेर-यावलचा असला तर लेवा बोली येईल. ज्याच्याशी तो अचानक शुद्ध बोलायला लागतो, त्याच्यावरचा त्याचा भरोसा उडालाय हे संवादाशिवाय कळतं.

शेवटच्या सीनमधे पत्रकारानं उभं राहून सगळं कारस्थान समजावून सांगणं बंद करा. एवढं करून कुठे ढिलं पडतंय हे कळत नसेल तर कट अशा माणसाला दाखवा ज्याला स्टोरी माहीत नाही, मधे काही बोलू नका, त्यानं मोबाईल कितव्या मिनिटाला उचलला तेवढं लिहून घ्या. कात्री त्या मिनिटाला लावू नका, त्याच्या आधीच्या सीनला लावा.