पिकअपचे दोन्ही हेडलाइट लुकलुकत होते, दोष अर्थ (earth) वायरच्या जोडणीत निघाला

नाशिकहून द्राक्षं भरून रात्री कसारा घाट उतरताना खड्डा आला की दोन्ही हेडलाइट लुकलुकायचे. घाटात अशाने जीव टांगणीला लागतो. बल्ब, फ्यूज, रिले बदलले, फरक शून्य.

इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मोजलं: १४.१ व्होल्ट, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर ठीक. मग हेडलाइट लावून मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं हेडलाइटच्या अर्थ पिनला (इथून करंट चॅसिसमार्गे निगेटिव्हला परत जातो): १.३ व्होल्ट! इथे ०.२ च्या वर नको. वायर हलवली की आकडा नाचायचा.

चॅसिसवरच्या अर्थ बोल्टचं थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी) हिरवं पडलेलं. आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढलं. बोल्ट खोलून पॉलिश पेपरने रंग-गंज घासला, पत्रा चकचकीत केला. नवं थिंबल दाबून बसवलं, स्टार वॉशर घालून आवळलं, वरून ग्रीस. निगेटिव्ह जोडून पुन्हा मोजलं: ०.०८.