हँडब्रेक सैल झालाय? नट आवळण्याआधी ड्रम उघडून बघा

हँडब्रेक पूर्ण ओढूनही गाडी उतारावर सरकते, किंवा पाच-सहा खटक्यांत पकडणारा लिव्हर दहा-बारा खटके वर येतो. अशा वेळी बहुतेक जण लिव्हरखालचा नट आवळून मोकळे होतात. दोन-चार आठवडे बरं वाटतं, मग पुन्हा तेच. मूळ दोष बहुतेक वेळा केबलमध्ये नसतोच, तो मागच्या चाकांत असतो.

पायाचा ब्रेक ऑइलच्या दाबावर चालतो, हँडब्रेक मात्र केबलवर. लिव्हर ओढला की केबल ताणली जाते आणि ड्रममधला (ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारी धातूची वाटी) एक छोटा दांडा दोन्ही ब्रेक शू, म्हणजे आतल्या अर्धगोल पट्ट्या, बाहेर ढकलून ड्रमला टेकवतो. शूवरचा घासणारा थर, म्हणजे लायनर, झिजला की शू आणि ड्रममधलं अंतर वाढतं. ते भरून काढायला आत ऑटो अॅडजस्टर असतो. तो गंजून किंवा धुळीने जाम झाला की लिव्हरची अर्धी ओढ हे अंतर भरण्यातच संपते. अशा वेळी केबल आवळली तर आतला दांडा कायम अर्धवट ओढलेला राहतो. मग अॅडजस्टर नीट काम करत नाही आणि शू घासून चाक तापण्याचीही भीती असते. म्हणून आधी शू, मग केबल. हा क्रम मोडू नका.

लिव्हरऐवजी बटण असेल, तर तो इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक. त्याला सर्व्हिस मोडमध्ये (दुरुस्तीसाठी ब्रेक मोकळा ठेवणाऱ्या स्थितीत) टाकावं लागतं, त्यामुळे तो घरी उघडू नका. लिव्हर असेल तर आधी खटके मोजा. बहुतेक गाड्यांत ४ ते ८ खटक्यांत पक्की पकड यायला हवी. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मालकाच्या पुस्तिकेत किंवा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो, तोच धरा.

या कामात हँडब्रेक खाली ठेवूनच मागची चाकं उचलावी लागतात. म्हणजे गाडी धरून ठेवणारं एक साधन आपण स्वतःच काढून घेतो, म्हणून इथे घाई करू नका. जागा सपाट आणि टणक हवी. पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जात असेल तर गाडी गिअरमध्ये ठेवा. मागच्या चाकांना जात असेल तर चाक फिरवून बघायला न्यूट्रल लागतं, तेव्हा सगळा भार ठोकळ्यांवरच असतो. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा. जॅकने उचलल्यावर स्टँड लावा. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका.

चाक काढल्यावर ड्रमचे छोटे स्क्रू काढून तो सरळ बाहेर ओढा. निघत नसेल तर ड्रमवर आटे असलेली दोन भोकं आहेत का बघा. त्यांत योग्य मापाचे बोल्ट घालून आळीपाळीने थोडे थोडे आवळले की ड्रम सुटतो. आतल्या कडेला झिजेची धार तयार झाली असेल तर शू तिला अडकतात. मग मागच्या प्लेटवरचं रबरी बूच काढून अॅडजस्टर सैल करावा लागतो. काही गाड्यांत ड्रम आणि बेअरिंग एकत्र असतात, मध्ये मोठा नट असतो. पहिल्यांदाच करत असाल तर ते काम जाणकारावर सोपवा.

आतली धूळ फुंकू नका, हवेच्या पाइपनेही उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. मास्क लावा, ब्रेक क्लीनर मारून धूळ ओली करा आणि फडक्याने पुसा. ड्रम बाहेर असताना कुणालाही ब्रेक पेडल दाबू देऊ नका, व्हील सिलेंडरचे (ऑइलच्या दाबाने शू ढकलणाऱ्या छोट्या नळकांड्याचे) पिस्टन बाहेर येतील.

आता नीट बघा. लायनर १ ते १.५ मिलिमीटरपर्यंत आला असेल तर शू बदलायचे, तेही दोन्ही चाकांचे एकदम. लायनर ओला असेल तर व्हील सिलेंडरच्या रबरी टोपीची कड हलकेच उचला. आतून ब्रेक ऑइल ओघळलं तर सिलेंडर गळतोय. ऑइल प्यायलेला लायनर धुऊन कामाचा होत नाही, सिलेंडरबरोबर शूही बदला. लायनर नुसताच काचेसारखा चकचकीत झाला असेल तर पॉलिश पेपरने हलका खरवडा.

मग अॅडजस्टर. त्यावरचं दातेरी चाक बोटांनी फिरलं पाहिजे. फिरत नसेल तर बाहेर काढा, आटे ब्रशने साफ करा आणि जास्त उष्णता सोसणाऱ्या ब्रेक ग्रीसचा पातळ हात फिरवा. ग्रीस लायनरला लागू देऊ नका. डाव्या-उजव्या चाकाच्या अॅडजस्टरचे आटे बहुधा उलट असतात, त्यांची अदलाबदल करू नका. शेवटी केबल जोडलेला आतला दांडा हाताने ओढून सोडा. तो झटकन मागे यायला हवा. रेंगाळला तर बहुधा केबल आवरणात गंजली आहे. वरून तेल सोडून ती फार दिवस टिकत नाही, नवी घाला.

सेटिंग करताना आधी केबलचा नट पूर्ण सैल करा. ड्रम बसवा, दातेरी चाक फिरवून शू टेकवा, मग ड्रम फिरताना अगदी हलका घासल्याचा आवाज येईल इतकंच मागे घ्या. पेडल काही वेळा दाबा म्हणजे शू मधोमध बसतील आणि पुन्हा फिरवून बघा. लिव्हरही चार-पाचदा जोरात ओढून सोडा. आता केबलचा नट आवळायचा. तो लिव्हरच्या बुडाशी किंवा गाडीखाली असतो. आवळताना केबलचं टोक दुसऱ्या पान्याने धरा, नाहीतर केबल पिळली जाते. दुसऱ्या-तिसऱ्या खटक्याला चाकं जड व्हावीत, ठरलेल्या खटक्यांत पूर्ण अडावीत आणि लिव्हर खाली केल्यावर दोन्ही मोकळी फिरावीत. एकच चाक अडत असेल तर पुन्हा नट आवळू नका, दुसऱ्या बाजूची केबल किंवा अॅडजस्टर तपासा.

मागे ड्रमऐवजी डिस्क ब्रेक असतील तर कॅलिपरवरचा (डिस्कला चिमटीत धरणाऱ्या भागावरचा) दांडा सोडल्यावर आपल्या थांब्याला टेकतो का, ते आधी बघा. काही गाड्यांत डिस्कच्या मधल्या भागात छोटा ड्रम असतो, त्याचे शू वरच्याच पद्धतीने सेट होतात.

चाकं बसवा, गाडी खाली घेऊन चाकांचे नट मॅन्युअलमधल्या टॉर्कने (आवळण्याच्या ठरलेल्या जोराने) आवळा. रिकाम्या रस्त्यावरच्या सौम्य चढावर, पाय पेडलच्या जवळच ठेवून, हँडब्रेक तपासा. थोडं अंतर चालवून आल्यावर मागच्या चाकांजवळ हात न लावता तळवा धरा. एक चाक जास्त तापलं असेल तर तिथे शू घासतोय, केबल किंवा अॅडजस्टर थोडा सैल करा. नवे शू घातले असतील तर ते ड्रमवर नीट बसेपर्यंत लिव्हरचे खटके वाढू शकतात, तेव्हा काही शे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा मोजा.