आधी पाय बघा

‘ओटी शिकते’ म्हटलं की आमच्याकडे येणारे पाहुणे विचारायचे, “म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये?” ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, मराठीत व्यवसायोपचार, असं सांगावं, तर पुढचा प्रश्न, “मग नोकऱ्या लावून देता का?” हा विषय शिकायचं ठरवलंत तर तुमच्याही घरी हे होणार, तयारी ठेवा. माणूस दिवसभरात जे जे करतो ते आमच्या लेखी व्यवसायच. आठ महिन्यांच्या बाळाचा व्यवसाय खाणं, खेळणं आणि झोपणं. त्यातलं खाणं मी उचललं, म्हणजे ज्या मुलांना नीट खाता-गिळता येत नाही त्यांच्यासोबतचं काम. त्याला आता 27 वर्षं झाली, आणि त्यातली 19 शिकवण्यात गेली.

प्रवेशाचं थोडक्यात सांगते, कारण ती माहिती सगळीकडे मिळते. बारावी विज्ञान, जीवशास्त्रासह, मग ‘नीट’ परीक्षा. आमच्या वेळी पदवी साडेचार वर्षांची होती, शेवटचे सहा महिने इंटर्नशिप. 2021 साली संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा आला आणि तेव्हापासून नियम बदलताहेत, म्हणून ताजी पुस्तिका स्वतः वाचा, सीनियरच्या सांगण्यावर जाऊ नका. एक गोष्ट मात्र अभिमानाने सांगते. भारतातलं या विषयाचं पहिलं विद्यालय 1950 साली मुंबईत, परळला सुरू झालं. ते सुरू करणाऱ्या कमलाबाई निंबकर जन्माने अमेरिकन, मूळच्या एलिझाबेथ लंडी.

आता माझी चूक. नोकरीचं दुसरं वर्ष होतं. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी असलेला तीन वर्षांचा मुलगा आणि त्याची आई, कर्जतहून पहाटेची लोकल पकडून यायची. मुलगा चमचा दातांत घट्ट पकडायचा, घास बाहेर ढकलायचा, उमासे काढायचा. मी नुकतीच एक कार्यशाळा करून आले होते. हिरड्यांचा मसाज, ओठांचे व्यायाम, हनुवटीला आधार, सगळं उत्साहाने तीन आठवडे केलं. फरक शून्य. चौथ्या आठवड्यात आमच्या मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “पाय कुठे आहेत त्याचे?”

पाय हवेत लोंबकळत होते. कंबर खुर्चीतून पुढे घसरलेली, पाठ ताणलेली, मान मागे. मी तीन आठवडे फक्त तोंड बघत होते.

पटत नसेल तर आत्ताच करून बघा. उंच स्टुलावर बसा, पाय अधांतरी ठेवा, मान मागे टाका आणि पोळीचा कोरडा तुकडा चावून गिळा. गिळताना पंचवीसहून अधिक स्नायू आणि मेंदूतून निघणाऱ्या पाच नसा (कपाल-चेता) एका लयीत चालतात, आणि त्या क्षणी श्वासनलिका झाकली जावी लागते. पायांना टेकू नाही तर कंबर स्थिर नाही. कंबर हलली की धड, मान आणि जबडा सगळं आधार शोधत राहतं. चमचा चावून धरणं हाही पुष्कळदा त्या आधाराचाच शोध असतो. मॅडमनी पायांखाली जुन्या रजिस्टरांचा गठ्ठा ठेवला, कमरेमागे चादरीची गुंडाळी दिली, चमचा समोरून आणि खालून आणला. चमत्कार झाला नाही. पण उमासे कमी झाले, आणि त्या दिवशी पाच चमचे गुरगुट्या भात आत गेला.

गुरगुट्या म्हणतेय ते मुद्दाम. वरणभात आपल्याला सगळ्यात सोपा वाटतो, पण पातळ वरण आणि अख्खा भात म्हणजे एका घासात दोन पदार्थ. वरण जिभेवरून चटकन घशाकडे पळतं आणि शितं तोंडात रेंगाळतात. जीभ नीट आवरता न येणाऱ्या मुलाला हे सगळ्यात अवघड. एकजीव घोटलेला मऊ भात त्यापेक्षा सुरक्षित. घट्टपणा मोजायला आयडीडीएसआय नावाची आंतरराष्ट्रीय, 0 ते 7 अशी पातळ्यांची पद्धत आहे. पातळ पदार्थासाठी 10 मिलीची सिरिंज भरायची, 10 सेकंद वाहू द्यायचं आणि उरलं किती ते बघायचं. माझे विद्यार्थी घरून वरण, ताक, पेज आणतात आणि हे करतात. दोन घरांचं वरण कधीच सारखं निघत नाही, म्हणून आईला नुसतं “पातळ द्या” सांगून भागत नाही.

दुसरा प्रयोग विद्यार्थ्यांना आवडत नाही. जोड्या करायच्या, एकाने डोळे मिटायचे, दुसऱ्याने भरवायचं. न सांगता, भराभर, चमचा वरच्या ओठावर पुसत. नंतर पोळीभाजी मिक्सरमधून काढून तीच खायला द्यायची. एरवी वर्गात कलकल करणारी मुलं त्या दिवशी गप्प असतात. त्यांच्या केस-नोंदींत पुढे “मूल सहकार्य करत नाही” हे वाक्य कमी दिसतं, असं माझं निरीक्षण आहे.

नवजात विभागात संधी मिळाली तर सोडू नका. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ गर्भधारणेपासून मोजल्या साधारण 34 आठवड्यांच्या आसपास बसू लागतो, त्याआधी घाई करून उपयोग नाही. नुसतं चोखताना बाळ सेकंदाला दोनदा चोखतं, दूध येऊ लागलं की एकदा. हा फरक डोळ्यांनी दिसायला मला सहा महिने लागले. ओठांभोवती निळसर झाक, फाकलेली बोटं, आठी, उचकी या बाळाला त्रास होत असल्याच्या खुणा तिथल्या सिस्टरना आपल्याआधी दिसतात. त्यांच्याशी नम्र राहा. बोंडल्याने पाजताना दूध ओतायचं नाही, बाळाला ओढू द्यायचं, हे मला एका सिस्टरनीच शिकवलं.

धोक्याच्या खुणा पाठ हव्यात. जेवण रोज अर्ध्या तासाहून जास्त चालणं, खाल्ल्यावर आवाज ओला, घशात पाणी असल्यासारखा होणं, वारंवार न्यूमोनिया, वजन न वाढणं. खोकला येत नाही म्हणजे घास श्वासनलिकेत जात नाही, असं समजू नका. काही मुलांत तो आवाज न करता जातो. अशा वेळी भरवणं थांबवा आणि तपासणीला पाठवा. 2019 साली बालकांच्या आहार-विकाराची जी एकमताची व्याख्या आली, तिच्यात वैद्यकीय, पोषण, कौशल्य आणि मानसिक-सामाजिक अशी चार अंगं आहेत. चारही आपल्याच हातात आहेत असं समजणारा थेरपिस्ट मुलाचं नुकसान करतो. वाचा-उपचारतज्ज्ञांशी “गिळणं कोणाचं” यावरून भांडण होईल, मीही तरुणपणी पुष्कळ भांडले. आता आम्ही एकत्रच बसतो.

स्वमग्न मुलांबद्दल घरात हमखास सल्ला मिळतो, “भूक लागली की खाईल.” सगळी खात नाहीत. काय, कधी, कुठे हे मोठ्यांनी ठरवावं आणि किती ते मुलावर सोडावं, ही अमेरिकन आहारतज्ज्ञ एलिन सॅटरबाईंची मांडणी मी वापरते, पण मोबाईल दाखवून भरवणाऱ्या आईला पहिल्याच दिवशी ऐकवत नाही. आधी विचारते, “ताई, तुम्ही स्वतः कधी जेवता?” बहुतेक वेळा उत्तरच येत नाही. कर्जतची आई म्हणाली होती, “गाडीत, मॅडम.”

नोकरी म्हणाल तर रुग्णालयं, विशेष शाळा, खासगी केंद्रं आहेतच, शिवाय 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातली जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रंही. शिकवायचं असेल तर पदव्युत्तर पदवी लागेल, पण पदवीनंतर दोन-तीन वर्षं ओपीडीत काढून मग या.

माझ्या पिशवीत काय असतं, हे दरवर्षी विचारतात. उथळ चमचे, एका बाजूने कापलेला कप, सिरिंज, छोटा टॉर्च, राजगिऱ्याचे लाडू, कारण ते तोंडात विरघळतात, आणि एक लहान लाकडी पाट. पाट दर वर्षी कोणीतरी आई घरी घेऊन जाते. मी नवा आणते.