घरात शिरणारे लेडीबर्ड: औषध न मारता काय करायचं

पाऊस थांबून हवा कोरडी व्हायला लागली की ठाणे-नवी मुंबईच्या फ्लॅटमध्ये संध्याकाळी ट्यूबलाइटभोवती, पडद्यावर किंवा स्लायडिंग खिडकीच्या चौकटीत लाल-केशरी, काळ्या ठिपक्यांचे गोलसर भुंगे दिसू लागतात. हे लेडीबर्ड, शेतीच्या भाषेत ढालकिडे. ते धान्याला लागत नाहीत, लाकूड किंवा कापड खात नाहीत, घरात अंडी घालून वाढत नाहीत. घरात त्यांना खायलाच काही नसतं. दोन-चार दिसले म्हणून पेस्ट कंट्रोलवाल्याला फोन करण्याचं काही कारण नाही.

नेटवर शोधलं तर भिंतीच्या फटीत शेकडो किडे गोळा झाल्याचे फोटो आणि व्हॅक्यूम क्लीनरचे सल्ले सापडतात. ते दुखणं युरोप-अमेरिकेतलं. तिकडे कडाक्याची थंडी सुरू होण्याआधी हे किडे घरांत आसरा घेतात. कोकणपट्टीत तशी थंडीच पडत नाही. इथे ते घरात येतात मुख्यतः दोन कारणांनी: दिवा, आणि बाल्कनीतल्या झाडांवरचा मावा, म्हणजे झाडाचा रस शोषणारे बारीक किडे. खरोखरच शेकड्यांनी बारीक तपकिरी किडे दिसत असतील, तर आधी तांदळाचे आणि डाळीचे डबे उघडून बघा. ते बहुधा धान्यातले टोके निघतील.

आत आलेल्याला बाहेर काढायचं

पंखा आधी बंद करा. मग किड्यावर काचेचा ग्लास उपडा ठेवा, खालून जाड कागद सरकवा आणि बाहेर न्या. छतावर किंवा पडद्यावर असेल तर त्याच्या पुढ्यात कागदाची पट्टी उभी धरा. लेडीबर्डला वर चढायची सवय असते, तो आपणहून पट्टीवर येतो. चिमटीत पकडू नका. दाबला गेला की तो पायांच्या सांध्यांतून हळदीसारखा पिवळा, उग्र वासाचा द्रव सोडतो. हा त्याचा बचाव आहे, पण डिस्टेंपरच्या भिंतीवर आणि फिकट पडद्यावर त्याचे डाग पडतात. डाग पडलाच तर घासू नका, पसरतो. थंड पाण्यात सौम्य साबणाचे थेंब टाकून ओल्या फडक्याने नुसता टिपून घ्या. हाताला लागला तर हात धुवा; काहींना त्याची ॲलर्जी असते.

कधीकधी तो धक्का लागताच पाय आखडून मेल्यासारखा पडतो आणि नेमका खिडकीच्या ट्रॅकमध्ये घरंगळतो. अशा वेळी रंगाचा मऊ ब्रश घ्या आणि हलक्या हाताने कागदावर ओढा.

एकापेक्षा जास्त असतील तर सकाळी खोलीतले सगळे दिवे बंद करा, पडदे ओढा आणि एकच खिडकी, तिची जाळीही सरकवून, पूर्ण उघडी ठेवा. ते उजेडाकडे आपोआप जातात. हाच उपाय रात्री बाल्कनीतला दिवा लावून सांगितला जातो, पण रात्री खिडकी उघडी टाकली की डास आत येतात, म्हणून तो सोडून द्या. रात्री पकडलेल्यांना बरणीत ठेवा, तोंडाला पातळ कापड बांधा, आत ओल्या कापसाचा बोळा टाका आणि सकाळी सोडा. मुलांना बरणी ठेवून घ्यायचा मोह होतो. मावा नसेल तर त्यात तो उपाशी मरतो.

सोडताना कठड्यावरून भिरकावून देऊ नका. मावा लागलेल्या झाडाच्या पानावर ठेवा, स्वतःच्या बाल्कनीतल्या किंवा सोसायटीच्या बागेतल्या.

दिवा आणि फटी

मच्छरजाळीची भोकं साधारण 1.2 ते 1.5 मिलीमीटरची असतात आणि नेहमी दिसणारे लेडीबर्ड 4 ते 7 मिलीमीटरचे, त्यामुळे धड जाळीतून ते येत नाहीत. ते येतात सरकत्या जाळीच्या पल्ल्याच्या कडेने, जिथली ब्रशची पट्टी झिजलेली असते. एसीच्या पाइपच्या भोकातून. एक्झॉस्ट फॅनच्या न मिटणाऱ्या पात्यांमधून. बाल्कनीच्या दाराखालच्या फटीतून. ब्रशची पट्टी ॲल्युमिनियम सेक्शनच्या दुकानात मीटरवर मिळते. जुनी ओढून काढा, खाच कोरड्या टूथब्रशने साफ करा आणि तेवढ्याच रुंदीची नवी सरकवा. जुन्या पट्टीचा तुकडा सोबत न्या, नाहीतर उंची चुकते आणि पल्ला अडतो. एसी पाइपभोवती सिलिकॉन भरा, पण फट 1 सेंटीमीटरपेक्षा मोठी असेल तर आधी फोमची पट्टी कोंबा, नुसतं सिलिकॉन आत धसतं.

एक चूक मात्र हमखास होते. स्लायडिंग खिडकीच्या खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूने छोटी भोकं असतात, ती किडे येतात म्हणून सिलिकॉनने बुजवली जातात. ती पावसाचं पाणी बाहेर जाण्यासाठी आहेत. बुजवलीत तर जुलैत पाणी ट्रॅकमध्ये तुंबेल आणि आतल्या भिंतीवर ओल उतरेल. तिथे जाळीचा छोटा तुकडा बाहेरून चिकटवा, म्हणजे पाणी जाईल आणि किडा थांबेल.

दिव्याचं सोपं आहे: बाल्कनीत पांढऱ्याऐवजी 2700 ते 3000 केल्विनचा पिवळसर एलईडी लावा, आणि अंधार पडायच्या आधीच पडदे ओढा. किडे कमी येतात, अगदी थांबत नाहीत.

खरा प्रश्न बाल्कनीतला

खिडकीच्या ग्रिलमध्ये जास्वंद, मिरची, कढीपत्ता, शेवंती ठेवलेली असेल तर कोवळ्या शेंड्यांची खालची बाजू बघा. हिरवट किंवा काळपट बारीक किडे दाटीने बसलेले असतील, पानं चिकट झाली असतील, तर तो मावा. लेडीबर्ड त्याच्यासाठी येतो. पूर्ण वाढ होईपर्यंत त्याची एक अळी काही शे मावा किडे फस्त करते. पण ही अळी लोकांना ओळखू येत नाही आणि इथेच घोळ होतो: लांबट, काळपट करडी, अंगावर केशरी ठिपके, सहा पाय, भराभर चालणारी. ती भुंग्यासारखी अजिबात दिसत नाही, म्हणून कीड समजून चिरडली जाते. पानाखाली उभ्या ठेवलेल्या पिवळ्या लांबट अंड्यांचा पुंजका, किंवा पानाला, कुंडीला, कधी भिंतीलाही चिकटलेला केशरी कोष दिसला तर तोही राहू द्या. उबदार हवेत कोषातून साधारण आठवड्याच्या आत भुंगा निघतो.

जास्वंदीवर पिठ्या ढेकूण, म्हणजे कापसासारखी दिसणारी पांढरी कीड, असेल तर आणखी सावध राहा. त्याला खाणाऱ्या क्रिप्टोलेमस या लेडीबर्डची अळीही पांढऱ्या मेणाच्या झिपऱ्यांनी झाकलेली असते. फरक एवढाच की ती ढेकणापेक्षा मोठी असते आणि डिवचल्यावर झटकन चालायला लागते. हा भुंगा मूळचा ऑस्ट्रेलियाचा, 1898 मध्ये कीड आवरण्यासाठीच भारतात आणलेला.

आता मावा किती आहे यावर ठरवा. दोन-तीन शेंड्यांवरच असेल आणि अळ्या किंवा अंडी दिसत असतील तर आठ-दहा दिवस काहीही करू नका. मावा झाडभर असेल आणि अळी एकही नसेल, तर फार भरलेले शेंडे कापा, बाकीच्या पानांवर खालून पाण्याची जोरदार फवार मारा. सकाळी, एक दिवसाआड, तीन वेळा. बहुतेक वेळा एवढं पुरतं. नाहीच पुरलं तर 1 लिटर कोमट पाण्यात आधी 1 ते 2 मिलीलिटर सौम्य द्रव साबण आणि मग 5 मिलीलिटर कडुनिंबाचं तेल घालून दुधाळ होईपर्यंत हलवा आणि ऊन उतरल्यावर फक्त लागलेल्या भागावर फवारा. साबण जास्त झाला किंवा भर उन्हात फवारलं तर पानं करपतात. आधी दोन पानांवर मारून एक दिवस थांबा. सात दिवसांनी गरज असेल तरच पुन्हा. कडुनिंब नैसर्गिक असला तरी लेडीबर्डच्या अळीलाही मारू शकतो, म्हणून फवारण्याआधी पानं उलटून बघणं आलंच.

खोडावर मुंग्यांची रांग असेल तर आधी तिचा बंदोबस्त करा. चिकट गोड द्रवासाठी मुंग्या माव्याची राखण करतात आणि लेडीबर्डला हाकलतात. कुंडीच्या बाहेरून कडेखाली दोन बोटं रुंद व्हॅसलीनचा पट्टा ओढा आणि झाडाची पानं ग्रिलला टेकत नाहीत ना ते बघा, नाहीतर मुंग्यांना दुसरा पूल मिळतो. कुंडी पाण्याच्या ताटलीत ठेवायचा जुना उपाय इथे नको. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात. मुंग्यांचा खडू किंवा स्प्रे मारलात तर त्यातलं कीटकनाशक लेडीबर्डलाही मारतं, आणि मावा त्यांच्यापेक्षा कितीतरी आधी परत येतो. युरियाचा हात आखडता घ्या: नत्र जास्त झालं की लुसलुशीत फूट येते आणि माव्याचं फावतं.

लवंग, तमालपत्र, कापूर खिडकीत ठेवायचे सल्लेही फिरतात. वारा खेळत असलेल्या खिडकीत वास टिकत नाही. त्यावर खर्च करू नका.

एक मात्र हटवायचा

वांगी, कारलं, दोडका किंवा टोमॅटो लावला असेल आणि पानं जाळीसारखी खरवडलेली दिसत असतील, तर हा वेगळा लेडीबर्ड: एपिलॅक्ना. हा पानं खातो. रंग विटकरी आणि निस्तेज, अंगावर बारीक लव, ठिपके पुष्कळ, एका सामान्य जातीत 28. चकचकीत अंगाचा तो मित्र, लव असलेला मळकट तो हा, असं बघितलं तरी बहुतेक वेळा चुकत नाही. अळ्या पिवळ्या आणि काटेरी. अंडी यांचीही पिवळीच, पण ती अशा पानाखाली असतात जिथे मावा नसतो. सकाळी, गारव्यात ते सुस्त असताना, पानाखाली साबणाच्या पाण्याची वाटी धरून भुंगे आणि अळ्या आत झटका, अंड्यांचं पान तोडून त्याच वाटीत बुडवा. चार-पाच दिवसांनी पुन्हा एकदा, कारण राहिलेली अंडी तोवर फुटतात. दुधी किंवा काकडीच्या भुरी (पिठासारखी पांढरी बुरशी) पडलेल्या पानावर झगझगीत पिवळा, बिनठिपक्यांचा लेडीबर्ड दिसला तर त्याला या वाटीत टाकू नका; तो भुरीची बुरशी खातो.