तालुक्यातलं समुपदेशन: आधी काय, मग काय

एम.ए. मानसशास्त्र करून यवतमाळ, वर्धा, अमरावतीकडच्या तालुक्यांत कामाला येणाऱ्या नव्या समुपदेशकाकडे तंत्रं भरपूर असतात. रॉजर्स, बेक, एलिस या मानसोपचारतज्ज्ञांच्या पद्धती, म्हणजे रॉजर्सचं मन लावून ऐकणं, बेकची विचारनोंद (मनात आलेले विचार वहीत लिहून तपासणं), एलिसची विवेकनिष्ठ पद्धत (अविवेकी समजुतींना प्रश्न विचारणं), सगळं शिकून झालेलं असतं. अडतं ते समोरच्या माणसाला यातलं काय, कधी द्यायचं, इथे. अशी वेगवेगळी तंत्रं एकत्र वापरण्याची एकात्मिक पद्धत म्हणजे दर भेटीला नवं तंत्र लावून बघणं, असं सुरुवातीला बऱ्याच जणांना वाटतं. हा समज महागात पडतो. माणसाच्या त्रासाची मांडणी एकच असते आणि तंत्रं तिच्यातून क्रमाने निघतात. क्रम चुकला की माणूस दुसऱ्या भेटीला येत नाही.

"मला नैराश्य आहे" असं म्हणत इथे कोणी येत नाही. "डोकं बधिर होते", "जीव घाबरल्यासारखा होते", "कशातच मन लागून नाही राह्यलं" असं सांगतात. हे शब्द जसेच्या तसे लिहून घ्या आणि पुढे सगळीकडे तेच वापरा. अंगाची तक्रार खोटी धरू नका. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी-12 तपासून घ्या. गडचिरोली-चंद्रपूरकडे सिकलसेलचीही चौकशी करा. रक्त कमी असलेल्या बाईला "विचार बदला" सांगणं हा अन्याय आहे.

पहिली भेट 50 मिनिटांची धरा. सोबत भाऊ, बायको किंवा मुलगा असतोच. पहिली दहा मिनिटं सगळ्यांशी बोला, मग सोबतच्यांना बाहेर बसवा. गोपनीयतेचा हक्क मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 ने दिलेला आहे, पण खेड्यात ती बाहेरच्या बाकावर फुटते. आशाताई त्या घरचीच सून असू शकते. म्हणून काय कोणाला सांगणार नाही आणि जिवाला धोका दिसला तर कोणाला सांगावंच लागेल, हे आधीच स्पष्ट करा. आठवडी बाजाराचा दिवस सोयीचा असतो, कारण तालुक्याला येण्याचं कारण कोणी विचारत नाही.

नैराश्य किती आहे ते मोजणाऱ्या पीएचक्यू-9 या प्रश्नावलीत नऊ प्रश्न आणि 0 ते 27 गुण असतात. 10 किंवा जास्त आले तर नैराश्याची नीट तपासणी हवी. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे, आणि नवखे तो घाईत उरकतात. त्यावर थांबा. "काका, इतका त्रास झाला की काहींना जगणंच नको वाटते. तुम्हाला वाटलं का?" मग "जीव द्यायचा विचार आला का?" मग "कसं करायचं ठरवलं होतं?" विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. उलट बरेच जण पहिल्यांदाच मोकळे होतात.

इथे एक शब्द जपून ऐका: औषध. गोळीही औषध आणि फवारणीचा डबाही औषधच. "घरात औषध आहे" ऐकलं की "कोणतं, फवारणीचं का?" हे विचाराच. असेल तर त्याच दिवशी घरच्या माणसाला बोलावून डबा कुलपात जाईल आणि किल्ली दुसऱ्याच्या हाती राहील, किंवा डबा घराबाहेरच जाईल, हे ठरवून घ्या. जीव द्यायची ऊर्मी बरेचदा थोड्या वेळाची असते. तेवढा वेळ डबा हाताशी नसला तर जीव वाचतो. कोणी आधीच घेतलं असेल तर "थोडंच घेतलं, बरा दिसते" म्हणून घरी ठेवू नये. पॅराक्वाट या तणनाशकावर उतारा नाही आणि माणूस सुरुवातीला ठीक दिसू शकतो. पोलिसांच्या भीतीने घरचे लपवतात. 2017 च्या कायद्याचं कलम 115 सांगतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं. हे त्यांना समजावून सांगा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालतो. तो मोबाइलमध्ये टाकून द्या, नुसता कागदावर नको.

धोका नसेल तर मांडणी. समजा, 45 वर्षांचा कोरडवाहू शेतकरी आहे, सोयाबीन हातचं गेलं, गावच्या सेवा सहकारी सोसायटीचं कर्ज थकलं. कोऱ्या कागदावर त्याच्यासमोर चार चौकोन काढा: काय घडलं, मनात काय आलं, अंगात काय होतं, मग काय करतो. "सोसायटीचा माणूस दिसला – आता इज्जत गेली – छातीत धडधड – घरातच पडून राहतो." शेवटच्या चौकोनातून पहिल्याकडे बाण काढा: पडून राहिलं की कामं साचतात, मग भीती वाढते. खाली एक ओळ जुन्या गोष्टीची: बाप लवकर गेला, थोरला म्हणून सगळं अंगावर आलं. कागद त्याला दाखवून "हे बरोबर आहे का?" विचारा. तो खोडून दुरुस्त करू लागला की काम सुरू झालं समजा.

आता क्रम. पडून राहणाऱ्या माणसाला विचारनोंद दिली तर कोरी वही परत येते, कारण नैराश्यात विचारच जड झालेला असतो. आधी कृती. दिवसाला दोनच कामं, वीस मिनिटांच्या आतली, वेळ आणि सोबत ठरलेली: सकाळी सातला बैलांना पाणी, संध्याकाळी शेजारच्या भाऊंसोबत पारापर्यंत चक्कर. प्रत्येकानंतर "रुपयात किती आणे बरं वाटलं?" 1 ते 10 चा आकडा अनेकांना परका वाटतो, आणे मात्र जुन्या माणसाला लगेच कळतात. काम मोठं ठेवलं की फसतं, आणि फसलं की "मी कामाचाच नाही" हे पक्कं होतं.

तिसऱ्या-चौथ्या भेटीत विचारांकडे वळा, पण कर्जाशी वाद घालू नका, कर्ज खरं आहे. "दोन लाख थकले" ही वस्तुस्थिती, "म्हणून मी नालायक" हा निकाल. पहिल्यासाठी यादी करा: बँक, सोसायटी, सावकार, रक्कम, तारीख. सावकाराकडे परवाना नसेल तर 2014 च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याने जिल्हा उपनिबंधकाकडे तक्रार होते. विवेकनिष्ठ प्रश्न फक्त दुसऱ्यासाठी वापरा. बापाच्या मरणाची, थोरलेपणाची गोष्ट त्याहीनंतर, झोप सुधारल्यावर आणि पीएचक्यू-9 चे गुण उतरल्यावर. ती पहिल्याच भेटीत उकरली की माणूस रडून मोकळा होतो, आणि लाजेने परत येत नाही.

दारू असेल तर क्रमच बदलतो. रोज पिणारा "कालपासून सोडली" म्हणत थरथरत आला, तर समुपदेशन बाजूला ठेवा आणि त्याला दवाखान्यात पाठवा. सोडल्यापासून पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, आणि साधारण दोन-तीन दिवसांनी भ्रमाची जीवघेणी अवस्था येऊ शकते. वर्धा आणि गडचिरोली हे दारूबंदीचे जिल्हे आहेत, त्यामुळे तिथे माणूस पिण्याचं लपवतो. आधी "मी पोलीस नाही, ताई" एवढं बायकोला सांगावं लागतं.

नैराश्याच्या गोळ्यांचा गुण साधारण 2 ते 4 आठवड्यांनी दिसतो. मळमळ मात्र पहिल्याच आठवड्यात होते आणि तेव्हाच गोळ्या बंद होतात. हे आधी सांगणं तुमचंही काम आहे, गोळ्या डॉक्टरांनी लिहून दिल्या असल्या तरी.

अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत 'विश्राम' कार्यक्रमाने गावपातळीवरच्या प्रशिक्षित माणसांकडून काम केलं, तेव्हा नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं. म्हणून गावातल्या कार्यकर्तीला निरोप्या समजू नका. कृतीच्या टप्प्याचा पाठपुरावा ती तुमच्यापेक्षा चांगला करते.

सहा ते आठ भेटी धरा, आणि तारखा शेतीकडे बघून द्या. पेरणीत आणि कापूस वेचणीत कोणी येणार नाही. भेट चुकली म्हणजे उपचार सोडला, असं लिहून टाकू नका. शेवटच्या भेटीत दोन फेरतपासण्या वहीत त्याच्याच हाताने लिहून घ्या. एक पोळ्यानंतर, फवारणी जोरात असते तेव्हाची. दुसरी मार्चमध्ये, सोसायटीच्या वसुलीच्या आधीची.