आरएची (रुमॅटॉइड आर्थरायटिस, एक प्रकारचा संधिवात) औषधं चालू आहेत तरी त्रास होतोय? या चुका टाळा

सकाळी उठलं की टूथपेस्टचं झाकण फिरत नाही, मूठ वळत नाही, तासाभराने हात जरा मोकळे होतात. हे रोज व्हायला लागलं तरी लोक "वय झालं, हाडं झिजली" म्हणत बाम चोळत बसतात. अहो, झिजेच्या दुखण्यात सकाळचा आखडलेपणा सहसा अर्ध्या तासात जातो, आरएमधे तो बराच वेळ टिकतो आणि बहुतेकदा दोन्ही हातांची बोटं, मनगटं सोबतच सुजतात. इथे आपली प्रतिकारशक्तीच सांध्याच्या आतल्या अस्तरावर उलटलेली असते, आणि ती सूज तशीच राहिली की हाड कुरतडलं जातं, ते काही परत भरून येत नाही.

आरए फॅक्टर (या आजारासाठीची रक्ततपासणी) निगेटिव्ह आला म्हणजे सुटलो असंही नाही, तो निगेटिव्ह असूनही आरए असू शकतो. रुमॅटॉलॉजिस्टने (संधिवाताच्या डॉक्टरांनी) हाताने दाबून बघितलेले सांधे जास्त खरं सांगतात. यूरिक ॲसिडची (गाउटची) भानगड वेगळी, ती यात मिसळू नका.

आता सगळ्यात डेंजर चूक. मेथोट्रेक्सेट, म्हणजे आरएची मुख्य गोळी, आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज नाही! चुकून रोज घेतली तर तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी घसरतात, जिवावर बेततं. सोबतची फॉलिक ॲसिडची गोळीही तशीच बारीक पिवळी असू शकते, त्यामुळे घोळ होतो. मी तर मेथोट्रेक्सेटच्या स्ट्रिपवर मार्करने "फक्त रविवार" असं मोठ्ठं लिहून ठेवलंय आणि ती वेगळ्या डब्यात टाकलीय, घरचे हसतात, हसू देत. रक्ताची आणि लिव्हरची तपासणी "मला काही होत नाहीये" म्हणून टाळू नका, दारू नकोच, आणि बाळाचा विचार असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, ही गोळी गरोदरपणात चालत नाही.

दोन आठवड्यांत फरक नाही म्हणून सोडून देणारेही खूप. मेथोट्रेक्सेटचा फरक दिसायला 6 ते 12 आठवडे लागतात. तोवर डॉक्टर थोडं स्टेरॉइड देतात, त्याने इतकं झकास वाटतं की लोक तेच चालू ठेवतात आणि खरं औषध बंद! पेनकिलरचंही तेच, दुखणं दबतं पण आत हाड कुरतडलं जाणं थांबत नाही.

सिगरेट ओढत असाल तर तीही सोडा, आजार भडकतो आणि औषधं कमी लागू पडतात. आणि ताप आला, इन्फेक्शन झालं तर मेथोट्रेक्सेटचा त्या आठवड्याचा डोस घ्यायचा की नाही ते गोळी तोंडात टाकायच्या आधी डॉक्टरांना फोन करून विचारा.